किचनची फरशी: कोटा की व्हिट्रिफाइड?

प्रश्नकर्ता: किचन ८० चौ. फूट. जुनी सिरॅमिक टाइल न फोडता वर नवीन बसवता येईल का? कोटा दगड घ्यावा की व्हिट्रिफाइड टाइल?

करणी-ओळंबा: आधी प्रत्येक टाइल लाकडी मुठीने ठोकून पाहा. पोकळ वाजली तर तेवढी काढून खड्डा भरा. टाइलवर टाइल बसवताना सिमेंटचे गोळे नकोत. गुळगुळीत पृष्ठभागावर सिमेंट धरत नाही आणि खाली पोकळी राहते, मग कुकर पडला की टाइल तडकते. जुन्या टाइलवर चालणारं पॉलिमर अ‍ॅडहेसिव्ह दातेरी करणीने पसरा. पातळी दीडेक सेंटीमीटर वाढेल, म्हणजे दार तासावं लागणार.

शहाबादी: कोटा टिकाऊ, पण तो चुनखडी. लिंबू, चिंच, व्हिनेगर सांडलं की पॉलिश जातं. शिवाय बसवल्यावर घासाई, तिचा चिखल घरभर. राहत्या घरात नकोच.

करणी-ओळंबा: सहमत. मॅट व्हिट्रिफाइड घ्या, पाणी ०.५ टक्क्याहून कमी शोषते. २×२ फुटी २० लागतील, तुटफुटीला २-३ जादा, एकाच बॅचच्या. सारखी फट राहायला २ मिमी स्पेसर, सांधे भरायला इपॉक्सी ग्राउट. सिमेंटच्या ग्राउटमधली हळद निघत नाही.

प्रश्नकर्ता: ओट्याखालीही घालायची?

शहाबादी: हो, सिलिंडर तिथेच सरकतो.