1997 ची फोर-व्हील महिंद्रा पिकअप घरीच दुरुस्त करून उभी करायची आहे, सल्ला हवा

रानवाट:
नमस्कार मंडळी. भोरकडच्या शेतावर 1997 ची महिंद्रा पिकअप उभी आहे. डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल इंजिन (2523 सीसी), चार गिअर, टी-18 ट्रान्सफर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा), मागे पत्र्याचा हौदा. इंजिन चालू होतं, पण ऑइल भरायच्या तोंडातून धूर मारतं. फोर-व्हीलचा दांडा पडतो, पुढची चाकं ओढतात की नाही ते कळत नाही. ब्रेक नाहीतच. केबिनचा तळ सडलाय, चालकाच्या पायाखालून जमीन दिसते.

बजेट रंगासकट दीड लाख. शेड 10 बाय 18 फूट, आर्क वेल्डिंग मशीन आहे, चेनपुली नाही. वापर शेत ते गाव, चिखल आणि एक ओढा. हायवेला न्यायची नाही.

विचारायचं एवढंच: सुरुवात कुठून करू, बॉडी चासीवरून उतरवू का, आणि इंजिन खोलू का?

जुनं_डिझेल:
दीड लाखात नुसतं पत्राकाम होईल. तीन लाख धरा, मग बोलू. इंजिन खोलायचंच. धूर मारतंय म्हणजे लायनर-पिस्टन गेले.

दुबईकर_मावळा:
इकडे गल्फमध्ये लँड क्रूझर 79 बघतो रोज. वाळूत, उन्हात, वर्षानुवर्षं. त्या पैशात जरा भर घालून टोयोटाच बघा की.

ग्रीसगन:
@दुबईकर_मावळा, "जरा भर" वाचून चहा सांडला. दीड लाखात 79 चा बंपर तरी येतो का?

@रानवाट, इंजिनला लगेच हात लावू नका. आधी तपासा. गाडी चांगली तापवा, ऑइलचं झाकण उलटं करून तोंडावर नुसतं ठेवा. झाकण जागेवर थरथरलं तर या वयाच्या डीआयला ते चालतं. उडून पडलं तर रिंगांतून प्रेशर खाली येतंय. मग चारही नॉझल काढून कॉम्प्रेशन घ्या. आकडा किती आला यापेक्षा चारांत फरक किती ते बघा. एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा 10 टक्क्यांहून जास्त खाली असेल तर त्यात चहाचा एक चमचा इंजिन ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड पॅकिंग.

एक चमचाच हं. डिझेलमध्ये पिस्टन वर आला की वर साधारण 40 सीसीच जागा उरते. पेट्रोल गाडीसारखं अर्धा कप ओतून सेल्फ मारला तर कनेक्टिंग रॉड वाकेल.

उभ्या गाडीच्या रिंगा खाचेत चिकटतात. ताजं ऑइल-फिल्टर घालून थोडं लोडवर चालवलं की बऱ्याचदा सुटतात. आधी ते करा, मग पाना उचला.

जुनं_डिझेल:
चिकटलेल्या रिंगा सुटल्या तरी लायनरला चर पडलेलाच असतो. खोलायचंच.

आरटीओची_रांग:
सगळे पान्यावरच. कागद कुठे आहेत? 1997 ची म्हणजे खासगी पासिंग असेल तर 15 वर्षं 2012 ला संपली, पुढे दर 5 वर्षांनी नूतनीकरण. मालवाहू नोंद असेल तर इतक्या जुन्या गाडीला दरवर्षी फिटनेस. पर्यावरण कर वेगळा. किती थकलंय ते आधी ऑनलाइन बघून घ्या, कारण ते दीड लाखातूनच जाणार आहे.

दुसरं म्हणजे चासी नंबर ठोकलेल्या जागी ग्राइंडर, सँडब्लास्ट, पुट्टी काही लावू नका. तपासणीत तिथेच पेन्सिलीने घासून ठसा घेतात. वायर ब्रशने साफ करा, ग्रीस फासा, वर टेप. रंगवताना त्यावर पातळ एकच हात.

कोकणी_चासी:
+1, कागद आधी.

मग चासी. छोटी हातोडी आणि टोचा घेऊन खाली झोपा. खणखण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तिथे टोचा. जागा ठरलेल्या आहेत: पुढच्या कमानीचा (पाट्यांच्या स्प्रिंगचा) मागचा हँगर, ट्रान्सफरखालचा क्रॉस मेंबर, हौद्याखालचा सगळ्यात मागचा क्रॉस मेंबर, आणि बॉडीचे रबर जिथे बसतात त्या पट्ट्या. चिखल साठतो तिथे आतून खातं, बाहेरचा रंग शाबूत दिसतो.

नंतर टेपने कर्ण मोजा. पुढच्या हँगरच्या बोल्टपासून समोरच्या बाजूच्या मागच्या हँगरच्या बोल्टपर्यंत, दोन्हीकडून. फरक 5-6 मिमीच्या वर असेल तर चासी वाकडी आहे, घरी सरळ होणार नाही. तसं असेल तर पुढचा सगळा खर्च थांबवा.

चासीला पट्टी मारताना चौकोनी तुकडा उभा वेल्ड करू नका. उभ्या वेल्डच्या रेषेत चासी तडकते. पट्टीची टोकं तिरकी कापा, पतंगासारखी, आणि वरच्या-खालच्या कडेला आडवा वेल्ड चालू ठेवा.

मोडिफाय_राव:
एवढा ताप कशाला. डबवालीहून (हरियाणातलं जीप बांधणाऱ्यांचं गाव) तयार बॉडी मागवा, पिवळा रंग, मोठे टायर, बोलेरोचं टर्बो इंजिन टाका. ते पण 2523 च आहे, जुळतंच.

आरटीओची_रांग:
इंजिन बदललं की नोंदीत बदल लागतो, मोटार वाहन कायद्याचं कलम 52. "जुळतंच" म्हणून परस्पर बसवलं तर पासिंगला अडकणार आणि विम्याचा दावाही लटकणार.

ग्रीसगन:
शिवाय टर्बोची जास्तीची ताकद जाणार कुठून? त्याच जुन्या गिअरबॉक्स आणि टी-18 मधून. रेडिएटर लहान, एक्झॉस्ट वेगळा, आणि मोठ्या टायरांनी स्टिअरिंगचा किंगपिन आणखी लवकर जाणार.

लो_गिअर:
फोर-व्हीलबद्दल कुणी बोलेचना, आणि धागा फोर-व्हीलचा आहे.

ओढते की नाही ते घरीच कळतं. गाडी सपाटीला, इंजिन बंद, चाकांना पुढून-मागून ओंडके. फोर-व्हील टाका, हब लॉक (पुढची चाकं शाफ्टला जोडणारे खटके) असतील तर फिरवून लॉक करा, गाडी गिअरमध्ये ठेवा. पुढचं एकच चाक जॅकवर उचला आणि हाताने फिरवा. हलकीशी खेळ सोडली तर फिरता कामा नये. गरागरा फिरलं तर हब, शाफ्ट, पुढचा प्रॉपेलर (ट्रान्सफरपासून धुरीपर्यंतचा लांब दांडा) नाहीतर ट्रान्सफरचा फोर्क, यांपैकी काहीतरी लागत नाहीये. मग प्रॉपेलर बघा. चाकाबरोबर प्रॉपेलर फिरतोय तर दोष ट्रान्सफरमध्ये. प्रॉपेलर स्थिर आणि चाक फिरतंय तर दोष पुढच्या धुरीत किंवा हबमध्ये.

टी-18 उघडलीच तर इंटरमीडिएट शाफ्ट बघा. नीडल बेअरिंग चालतात ती जागा खड्डे पडल्यासारखी होते, मग लो गिअरला कुरकुर आणि शाफ्टच्या टोकातून ऑइल. शाफ्ट, नीडल, थ्रस्ट वॉशर आणि ओ-रिंग एकत्रच बदला, नुसती ओ-रिंग घालून गळती थांबत नाही.

आणि गिअरबॉक्सची लेव्हल कमी, ट्रान्सफरची जास्त दिसली तर ऑइल बाहेर कुठे गेलेलं नाही, मधल्या सीलमधून ट्रान्सफरमध्ये उतरलंय. सील न बदलता नुसतं वरून भरत बसलात तर गिअरबॉक्स परत कोरडा पडेल. ट्रान्सफरला दीड लिटरच्या आसपास लागतं, लेव्हल प्लगपर्यंतच भरा.

पाना_नंबर_बारा:
वरच्या चाचणीला हँडब्रेक ओढला तर ओंडके कशाला?

लो_गिअर:
या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफरच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शियल मोकळं होतं आणि हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी जॅकवरून घरंगळते. पुढचं उचलताना धरेल, पण ओंडक्याची सवय सोडू नका. खाली झोपायचं असेल तर घोडी (लोखंडी स्टँड) लावूनच, नुसत्या जॅकवर नाही. मागचा ऑइल सील गळत असेल तर ते थेट त्याच ड्रममध्ये जातं, म्हणून तिथे हँडब्रेक लागत नसला तर केबल ताणण्याआधी सील बघा.

जुनं_डिझेल:
गिअरबॉक्सला 80डब्ल्यू-90 जीएल-5 टाका, सगळ्यात भारी ग्रेड.

ग्रीसगन:
नाही. जीएल-5 मधले सल्फरचे घटक पितळी सिंक्रो रिंगांना खातात. गिअरबॉक्सला जीएल-4, डिफरन्शियलला जीएल-5. ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटूनच आहे, सील गेला की दोन्ही ऑइल एकच होतात, म्हणून तिथेही जीएल-4.

जुनं_डिझेल:
आम्ही जीएल-5 च टाकतो, काही खात नाही.

ग्रीसगन:
ऑइल काढाल तेव्हा उजेडात धरून बघा, पिवळी चमक दिसेल.

वेल्डिंगवाले_काका:
तळाचं पत्र्याचं काम आर्कने होत नाही असं कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच सांगतो. 18 गेजवर (1.2 मिमी) नेहमीचा 3.15 चा रॉड लावला की भोकच. 2 मिमीचा 6013, 40-50 अँपिअर, सलग ओढायचं नाही, टाके घालायचे. एक टाका इकडे, पुढचा हातभर लांब, पत्रा गार झाला की मधले. तरी सफाई कमीच येईल. सीओटू मशीन (रॉडऐवजी वायरने वेल्ड करणारं) दोन दिवस भाड्याने आणा, 0.8 ची वायर. वेल्डिंगआधी बॅटरीची दोन्ही टोकं आणि अल्टरनेटरची वायर काढा.

गॅल्व्हनाइझ्ड पत्रा फुकट मिळाला तरी वापरू नका. जस्ताचा धूर छातीत जातो, ताप भरतो.

गंजावर फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं कन्व्हर्टर लावलंत तर पुरतं धुवून, वाळवूनच एपॉक्सी प्रायमर. ओलं अ‍ॅसिड राहिलं तर वर्षभरात प्रायमर पापुद्र्यांनी सुटतो. आणि पुट्टी उघड्या पत्र्यावर नको, प्रायमरवर. पुट्टी पाणी पिते.

हौद्याला चेकर्ड प्लेट 3 मिमी मारा.

मोडिफाय_राव:
चेकर्ड प्लेट +1. दिसते पण भारी.

कोकणी_चासी:
3 मिमी चेकर्ड म्हणजे चौरस फुटाला सव्वादोन-अडीच किलो. हौदाभर लावून मागच्या कमानी आधीच दाबून ठेवायच्या का? साधा 16 गेज पुरतो.

पाना_नंबर_बारा:
ब्रेक विसरू नका. एकच सर्किट असेल तर एक पाइप फुटला की चारही गेले. मास्टरचं किट, चारही चाकांचे सिलिंडर, तिन्ही लवचिक होज, आणि पाइप 4.75 मिमीचा स्टीलचाच. तांब्याचा पाइप वाकायला सोपा म्हणून घालतात, थरथरीने तो कडक होऊन फ्लेअरपाशी तडकतो. रबरं डिझेल-रॉकेलने धुवायची नाहीत, फुगतात. ब्रेक ऑइलनेच, डॉट 3. हवा काढताना मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा.

चाकं उघडताना डावीकडच्या स्टडवर 'एल' ठोकलेला आहे का बघा. असेल तर उलटे आटे. पाइप लावून जोर करत बसलात तर स्टड तुटेल.

रानवाट:
सगळ्यांचे आभार. झाकण ठेवून बघितलं, थरथरतं, उडत नाही. म्हणून इंजिन खोलत नाही, ऑइल-फिल्टर बदलून चालवतो. चासी ठोकून झाली, कर्णात 2 मिमी फरक. मागचा क्रॉस मेंबर मात्र गेलाय, तो तिरकी पट्टी मारून करतो. जॅकवर चाक फिरलं, प्रॉपेलर स्थिर, म्हणजे हब किंवा शाफ्ट.

बॉडी उतरवत नाही. चेनपुली नाही, माणसं गोळा करायची, आणि उतरवली की पाऊस संपेपर्यंत शेड अडणार. रंग पीयू (पॉलियुरेथेन) नाही, रेड ऑक्साइड आणि ब्रशने इनॅमल. हौद्याला चेकर्डही नाही आणि 16 गेजही नाही, सागाच्या फळ्या घालणार. शेतावर पडून आहेत, तुटली तर एकच बदलता येते.

जुनं_डिझेल:
ब्रशने रंग? मग विचारलंत कशाला?

मोडिफाय_राव:
फळ्या म्हणजे बैलगाडी झाली की.

वेल्डिंगवाले_काका:
सागाचं चालेल. फळ्यांमध्ये 8-10 मिमीची फट ठेवा, पावसात फुगतात. फळी थेट पत्र्याला टेकवू नका, खाली रबराची पट्टी द्या, नाहीतर तिथेच ओल धरून क्रॉस मेंबर परत खाईल. बोल्ट गोल डोक्याचे, खाली रुंद वायसर.

लो_गिअर:
हब उघडाल तेव्हा धुरीचं बेअरिंग परत बसवताना नट चाक फिरवत पुरता आवळा आणि मग एक-षष्ठांश फेरा सोडा. नाही सोडलात तर गरम होऊन जाम होईल. आणि दुरुस्त झाल्यावर डांबरी रस्त्यावर फोर-व्हील टाकून टेस्ट घेऊ नका. मध्ये डिफरन्शियल नाही, वळणावर पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात, दांडा अडकून बसतो. चिखलातच घ्या.

दुबईकर_मावळा:
79 मध्ये हा त्रासच नाही.

लो_गिअर:
79 च्या पार्ट-टाइम फोर-व्हीललाही डांबरावर हेच होतं.

ग्रीसगन:
@रानवाट, हबचा फोटो टाका, शाफ्टच्या दातांचाही. दात जर टोकाला धारदार झाले असतील तर नवं हब आणून उपयोग नाही, शाफ्टसकट घ्या. पुण्यात नाना पेठेत विचारा, जुनं मिळून जाईल. जोडीने दात मोजून घ्या.