वाचा-भाषा उपचाराची पदवी घेताना

मुलीला भाषेची आवड आहे, लहान मुलांत ती रमते, एवढ्यावर वाचा-भाषा उपचाराची पदवी झेपेल का, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या प्रश्नाला आधी उत्तर देताना एकांनी 'विज्ञान फारसं लागत नाही' म्हटलंय, ते मला अजिबात पटलं नाही. शरीररचना, मेंदूविज्ञान, श्रवणशास्त्र यातून सुटका नाही. गिळण्याच्या तक्रारी हा तर या कामाचा केवढा मोठा भाग, आणि बाहेरच्यांना त्याची कल्पनाच नसते! पक्षाघातानंतर घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. अशा रुग्णाला काय आणि कसं भरवायचं, हे थेरपिस्ट तपासून सांगतो.

ध्वनिविज्ञान, म्हणजे उच्चार कसे होतात याचा अभ्यास, मात्र तिला नक्की आवडेल. मूल 'काका'ला 'ताता' म्हणतं तेव्हा जिभेचा मागचा भाग वर टेकण्याऐवजी पुढचा भाग दातांमागे टेकतो. अगदी लहानपणी हे स्वाभाविकच, पण वय वाढूनही टिकलं तर उपचार लागतात. हे नेमकं टिपणारा कान सरावानेच तयार होतो.

कॉलेज निवडताना नावाला भुलू नका. देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास मिळतात, त्यात तोतरेपणा, अफेजिया (मेंदूला इजा झाल्याने बोलणं-समजणं बिघडणं), श्रवणदोष, आवाजाच्या तक्रारी असं सगळं येतं का, ते खोदून विचारा. जिथे पुढे काम करायचंय तिथल्या नोंदणीला ती पदवी चालते का, हेही प्रवेशाआधीच. आणि जमलं तर तिला प्रौढ रुग्णांची एक-दोन सत्रं बघू द्या. समोरचा रुग्ण शब्द शोधत असताना तो शब्द घाईने न सुचवता थांबणं तिला जमेल का, हे तिचं तिलाच कळेल.