गणपतीला गावच्या मोठ्या घरी दोन लहान मुलांना घेऊन जायचे आहे. अनुभवी पालकांनी सल्ला द्यावा

घोडबंदरची आई:
आम्ही ठाण्यात घोडबंदर रस्त्याला राहतो आणि सासरचे मूळ घर कणकवलीपासून आत एका वाडीत आहे. मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा अडीच वर्षांचा. मुलगा झाल्यापासून आमचे चतुर्थीला जाणे झालेले नाही, त्यामुळे यंदा सगळे वाट पाहत आहेत. सणाला त्या घरात चोवीस-पंचवीस माणसे असतात, पण माझ्या मुलाला अनोळखी माणसाने उचलले की तो श्वास कोंडेपर्यंत रडतो, आणि मुलीला तिखट मुळीच चालत नाही. सासूबाईंना आणि जाऊबाईंना वाईट वाटू न देता हे कसे निभवावे, आणि रेल्वे, एसटी की स्वतःची गाडी यांपैकी काय निवडावे, हे कळत नाही.

नेरूळचा बाबा:
मी प्रवासापुरते सांगतो. मुले इतकी लहान असताना रेल्वेच निवडावी, कारण सणाच्या तोंडावर मुंबई-गोवा महामार्गावर गाडी तासन्‌तास अडकली की अडीच वर्षांच्या मुलाला सीटवर बांधून ठेवणे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही असह्य होते. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण प्रवासाचा दिवस वगळून ६० दिवस आधी सुरू होते, म्हणून चतुर्थीची तारीख धरून तो दिवस आजच काढून ठेवावा. ते हुकले, तर गणपतीच्या विशेष गाड्यांची घोषणा होते तिकडे लक्ष ठेवावे. पाच वर्षांखालील मुलाला वेगळी जागा न घेतल्यास तिकीट लागत नाही, पण मुलीसाठी पूर्ण भाडे भरून स्वतंत्र बर्थ घ्याच, कारण अर्ध्या तिकिटात बर्थ मिळत नाही आणि रात्रभर दोन्ही मुले तुमच्याच अंगावर येतात.

तुतारी एक्सप्रेस घेणार असाल, तर तारीख दोनदा तपासा. ती दादरहून मध्यरात्रीनंतर सुटते, म्हणजे आपण ज्या रात्री जेवून निघतो त्याच्या पुढच्या दिवसाचे तिकीट काढावे लागते. आम्ही एकदा आदल्या दिवसाचे काढले आणि झोपलेल्या मुलाला खांद्यावर घेऊन ठाणे स्थानकावरून घरी परतलो. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश धावतात, म्हणून खाणे आणि कोरडे कपडे अंदाजापेक्षा जास्त ठेवा.

कुडाळची माहेरवाशीण, मुक्काम कळवा:
प्रवास एका रात्रीत संपतो, घरातले दिवस मोठे असतात, म्हणून मला त्याबद्दलच लिहायचे आहे. जमेल तर चतुर्थीच्या दोन दिवस आधी पोहोचा. घरात सात-आठ माणसे असताना मुलाने आजीचा आवाज, स्वयंपाकघराचा वास आणि पडवीतला काळोख ओळखीचा करून घेतला, की पुढे एकेक करून येणारी माणसे त्याला तितकी परकी वाटत नाहीत. माझा लेक पहिल्या आरतीला झांजांच्या आवाजाने इतका घाबरला होता, की मी त्याला घेऊन खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, जाऊन उभी राहिले. तिसऱ्या आरतीला तो स्वतःच दारात येऊन थांबला, आणि पाचव्या दिवशी त्याच्या हातातून झांज काढून घेताना आम्हाला त्याची समजूत घालावी लागली.

मुलीला काम द्या, आणि ते खरे काम असू द्या. गणपतीच्या डोक्यावर माटवी, म्हणजे रानातल्या फळाफुलांनी सजवायची लाकडी चौकट, बांधताना खालून कवंडाळाची फळे, तेरडा, सुपारीचे घोस हातात देणारे माणूस लागतेच, आणि ते काम चुलत भावंडांबरोबर करताना ओळख करून द्यावी लागत नाही. तिखटाची काळजी करू नका. सकाळची उकड्या तांदळाची पेज, घावणे आणि पातोळ्या यांवर मुले आनंदाने राहतात, फक्त काळ्या वाटाण्यांची उसळ खोबऱ्या-मिरचीचे वाटप घालण्याआधी वाटीभर बाजूला काढून ठेवायला जाऊबाईंना आधीच सांगा. माझी आजेसासू म्हणायची, “खाल्ल्यान नाय तर रवांदे, भूक लागली की मागतलो,” आणि माझ्या मुलाच्या बाबतीत तिचे खरे ठरले.

उचलून घेण्याबद्दल मात्र स्पष्ट बोला, पण ते मुलाच्या बापाने बोलावे. सुनेने सांगितले की तो नकार वाटतो, मुलाने आईला सांगितले की ती माहिती होते. हे न्याय्य नाही, हे मला मान्य आहे, तरी अडीच वर्षांचे पोर रडत असताना न्यायाची वाट पाहू नये.

नेरूळचा बाबा:
एक राहून गेले. विहिरीवर जाळी आहे का, हे निघण्याआधी विचारा, आणि अंधारात मुलांना चपला व टॉर्चशिवाय खळ्यात सोडू नका. साप किंवा विंचू चावल्यास १०८ वर फोन करून सरळ रुग्णालय गाठा, घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

घोडबंदरची आई:
दोघांचे मनापासून आभार. यांनी काल रात्री सासूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, की बाळाला कोणी धरणार नाही, तो आपणहून येईल तेव्हा येईल. विहिरीवर जाळी नाही. दीर या आठवड्यात बसवून घेत आहेत.