ई^एक्सचं इंटिग्रेशन: आधी पाठ की आधी पटवून?

फळ्याजवळचा

बारावीला इंडेफिनिट इंटिग्रेशन (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढण्याची उलटी क्रिया) सुरू झालं की पहिल्याच तासाला फॉर्म्युल्यांचा तक्ता फळ्यावर उतरवून द्यायचा, अशी आपल्याकडे रीत आहे. त्यात दोन ओळी असतात: ई^एक्सचं इंटिग्रेशन ई^एक्स अधिक सी, आणि ए^एक्सचं इंटिग्रेशन ए^एक्स भागिले लॉग ए, अधिक सी. (ई म्हणजे २.७१८ च्या आसपासचा एक ठरावीक आकडा, सी म्हणजे कोणताही स्थिर आकडा, आणि लॉग म्हणजे इथे बेस ई. टायपायला सोपं म्हणून घातांकासाठी ^ वापरतोय.) माझं म्हणणं असं की या दोन ओळी तक्त्यातून काढून टाकाव्यात आणि एक-दोन तासिका गेल्या तरी चालेल, पोरांकडूनच त्या काढून घ्याव्यात.

का, ते पेपर तपासताना कळतं. २^एक्स दिलं की २^(एक्स+१) भागिले (एक्स+१) लिहिणारी मुलं दर वर्षी भेटतात. एक्स^एनचा नियम हातात इतका बसलेला असतो की एक्स खाली आहे की वर चढून बसलाय, हे बघायची तसदी कुणी घेत नाही. दुसरा प्रकार ई^(३एक्स)चं उत्तर ३ई^(३एक्स) देणाऱ्यांचा. डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन यांची सरमिसळ झालेली असते, आणि उत्तराचं डेरिव्हेटिव्ह घेऊन बघावं हे सुचतच नाही. सुचणार कसं? फॉर्म्युला वरून आला होता, तो तपासायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही.

मी काय करतो ते सांगतो. मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढायला लावायचा. एक्स शून्य असताना २^एक्स किती वेगाने वाढतो ते बघायचं: (२^एच − १)/एच, एच ही छोटीशी वाढ, घ्या ०.००१. येतात ०.६९३४. मग २ च्या जागी ३ घ्या: १.०९९२. आता एक आकडा असा शोधा की उत्तर नेमकं १ यावं. २.७ ला ०.९९३७ येतात, २.८ ला १.०३०१. म्हणजे तो आकडा २.७ च्या किंचित पुढे. इथे मागच्या बाकावरून कुणीतरी "सर, ई!" म्हणतंच. मग २^एक्सचं डेरिव्हेटिव्ह कुठल्याही ठिकाणी २^एक्स गुणिले साधारण ०.६९३ हे दोन ओळींत दाखवता येतं, कारण २^(एक्स+एच) मधून २^एक्स कॉमन निघतो. आता उलट जायचं असेल तर त्या ०.६९३ ने भागावं लागणार, हे पोरं स्वतःच सांगतात. लॉग ए छेदात का, याचं उत्तर मिळालं.

सीईटीवाला

असहमत. तुमची हौस कळते, पण एमएचटी-सीईटीला (बारावीनंतरची राज्याची प्रवेश परीक्षा) गणिताचे ५० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. एका प्रश्नाला दोन मिनिटंही धड मिळत नाहीत. तिथे पोरगा एच बरोबर ०.००१ घेऊन बसणार आहे का? त्याला फॉर्म्युला झोपेतून उठवून विचारला तरी आला पाहिजे. पाढे आधी पाठ होतात, गुणाकाराचा अर्थ मागाहून उमगतो, आणि कुणाचं काही बिघडत नाही.

शिवाय तुम्ही जे सांगताय ते नवीन नाही. अकरावीच्या लिमिट्समध्ये (ए^एक्स − १)/एक्सचं, एक्स शून्याकडे नेताना, लिमिट लॉग ए हे आहेच. एकदा शिकवून झालेलं बारावीत परत का उगाळायचं?

फळ्याजवळचा

आहे ना. आणि तेही तक्त्यातच आहे! वर अकरावी म्हणजे दहावीनंतर दम खायचं वर्ष, हे तुम्हाला मी सांगायला नको. क्लासचं टायअप असलेल्या कॉलेजांत तर पोरगं वर्गात कधी दिसतं ते हजेरीपटालाच माहीत.

रसायनबाई

मी केमिस्ट्री शिकवते, त्यामुळे या भांडणात बाहेरची. पण ०.६९३ वाचून राहवलं नाही.

काइनेटिक्समध्ये, म्हणजे रिअॅक्शनच्या वेगाच्या धड्यात, फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शनचं हाफ लाइफ (पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ) म्हणजे ०.६९३ भागिले के, के हा वेगाचा स्थिरांक. आमच्याकडे हे प्रत्येकाला तोंडपाठ असतं. तसंच के बरोबर २.३०३ भागिले टी (वेळ), गुणिले सुरुवातीच्या आणि उरलेल्या प्रमाणाच्या भागाकाराचा लॉग. कुठल्याही हुशार मुलाला विचारा, हा ०.६९३ कुठून आला? "मॅम, कॉन्स्टंट आहे." २.३०३? "तोही कॉन्स्टंट." एकाने तर आर (वायूंचा स्थिरांक) सारखा प्रयोगातून मोजलेला असेल असं सांगितलं होतं. पहिला लॉग २ आहे आणि दुसरा लॉग १०, दोन्ही बेस ई, हे वर्गात बोलले की अर्धी मुलं अविश्वासाने बघतात. कारण आमच्या पुस्तकात नुसता लॉग म्हणजे बेस १०, आणि गणिताच्या कॅल्क्युलसमध्ये नुसता लॉग म्हणजे बेस ई. एकाच मुलाच्या एकाच दप्तरात.

आणि गंमत म्हणजे आमच्याकडे ते सूत्र इंटिग्रेशन करूनच काढतात. कित्येकदा गणितात तो धडा सुरू व्हायच्या आधीच. मी फळ्यावर इंटिग्रेशनचं चिन्ह काढते आणि "हे तुम्हाला गणिताचे सर शिकवतील" म्हणून पुढे जाते. इथे सर म्हणतायत की तक्ता देतात. मग शिकवतं कोण?

काठावर पास

मी यंदा बारावीला आहे. खरं सांगू? आमच्या सरांनी तक्ताच दिला आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. "स्वतः शोधा" वाले तास ज्यांना आधीच येतं त्यांचे असतात. क्लासचे दोघे-तिघे लगेच ओरडतात "लॉग ए!" आणि बाकीचे मान डोलावतात. नंतर मी तक्ता झेरॉक्स मारूनच घेतो.

पण ०.६९३ चं माहीत नव्हतं. ते भारी आहे.

तर्कट

दोन्ही बाजूंना एकच विचारतो. एच बरोबर ०.००१ घेऊन ०.६९३४ आले, यावरून लिमिट अस्तित्वात आहे हे कुठे सिद्ध झालं? मुळात २^एक्स म्हणजे काय, एक्स अपरिमेय असताना? २ चा √२ घात काढून दाखवा पोरांना, मग बोलू. सरळ रस्ता उलटा आहे: १/एक्सच्या वक्राखालचं १ पासूनचं क्षेत्रफळ म्हणजे लॉग, आणि लॉगचं व्यस्त फल (उलटं फंक्शन) म्हणजे ई^एक्स. मग डेरिव्हेटिव्ह आपोआप पडतं. १६४७ मध्ये ग्रेगरी द सेंट-व्हिन्सेंट या गणितज्ञाचं काम छापलं गेलं त्यात याच क्षेत्रफळाचा अभ्यास होता, तेव्हा ज्याच्या नावाशी ई जोडला जातो त्या ऑयलरचा जन्मही झाला नव्हता.

फळ्याजवळचा

तर्कटराव, तुमचं गणित चोख आहे. पण १/एक्सखालचं क्षेत्रफळ काढायला डेफिनिट इंटिग्रेशन लागतं, आणि ते पुढच्या धड्यात आहे. सिद्धता बीएस्सीला होईल. १७ वर्षांच्या मुलाला आकडा कुठून येतोय हे दिसलं, तरी मला तूर्त पुरे.

काठावर पास, तुझा मुद्दा मात्र मनावर घेतलाय. म्हणूनच मी प्रत्येकाला वेगळा बेस देतो: कुणाला ५, कुणाला ७, कुणाला ०.५. ज्याला ०.५ मिळतो त्याला उणे आकडा येतो, आणि वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न तोच विचारतो. ओरडणाऱ्यांना तिथे ओरडून भागत नाही.

सीईटीवाला

भावना पोचल्या. पण मार्कांचं बोला. हे बघा, सीईटीच्या धाटणीचा प्रश्न: ई^एक्स गुणिले (एक्स − १), भागिले (एक्स+१) चा घन. याला ई^एक्स(एफ + एफ डॅश)चा (एफ डॅश म्हणजे एफचं डेरिव्हेटिव्ह; उत्तर ई^एक्स गुणिले एफ) फॉर्म्युला पाठ असलेला पोरगा अर्ध्या मिनिटात मोकळा होतो. (एक्स − १) ला (एक्स+१) − २ लिहायचं, एफ म्हणजे १ भागिले (एक्स+१) चा वर्ग, उत्तर ई^एक्स भागिले (एक्स+१) चा वर्ग. तुमचा विद्यार्थी काय करेल?

फळ्याजवळचा

तेच करेल, कारण तो फॉर्म्युला म्हणजे प्रॉडक्ट रूल (गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) उलटा वाचलेला. ई^एक्स गुणिले एफचं डेरिव्हेटिव्ह घ्या, समोर तोच येतो. आणि ऐन वेळी विसरला तर? चार पर्याय समोर आहेत. एकेकाचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं. तुमचा पोरगा विसरला की देवाचं नाव घेऊन कुठल्यातरी पर्यायावर क्लिक करतो, निगेटिव्ह मार्किंग नाही म्हणून.

याच सवयीचा आणखी एक फायदा. ई^(एक्स^२) दिलं की निम्मा वर्ग ई^(एक्स^२) भागिले २एक्स लिहून मोकळा होतो. ई^(३एक्स)ला ३ ने भागलं, मग इथे २एक्सने. तपासा: छेदातल्या एक्समुळे एक जास्तीचं पद येतं, आणि सगळं फिसकटतं. ३ बाहेर काढता येतो, एक्स येत नाही. मग सांगायचं की याचं उत्तर नेहमीच्या फलांत लिहिताच येत नाही, आणि हे लिउव्हिल या फ्रेंच गणितज्ञाच्या एकोणिसाव्या शतकातल्या कामातून सिद्ध झालेलं आहे. प्रत्येक प्रश्नाला खाली चार पर्याय असतातच, हा समज तिथे पहिल्यांदा हलतो.

रसायनबाई

फळ्याजवळचे, तुमचा तो कॅल्क्युलेटरचा तास आमच्या काइनेटिक्सच्या आधी घ्याल का? मी माझी एक तासिका द्यायला तयार आहे.

सीईटीवाला

बाई, तुम्ही देताय तर घ्या म्हणावं. पण बाकीच्या कॉलेजांत वेळ कुठून आणायचा? डिसेंबरपर्यंत पोर्शन संपवायचा असतो.

फळ्याजवळचा

गणिताला २० मार्कांचं प्रॅक्टिकल आहे ना? घ्या त्यात. कॅल्क्युलेटर आणि आकड्यांचा तक्ता यापेक्षा वेगळं प्रॅक्टिकल ते कोणतं?

काठावर पास

सर, प्रॅक्टिकलचं जर्नल आम्ही सबमिशनच्या आदल्या रात्री एकमेकांचं उतरवतो.

सीईटीवाला

मग पुढच्या वर्षीपासून प्रत्येकाला वेगळा बेस द्या म्हणावं, बघू कसं उतरवताय ते. एवढ्यापुरता मी सरांच्या बाजूने.