पावडरचे लॅटेक्स ग्लोव्हज सरसकट बंद करावेत का?

ईएनटी, शरणपूर रोड
ज्या नर्सिंग होममध्ये अजून पावडरचे ग्लोव्हज येतात, त्यांनी पुढची ऑर्डरच देऊ नये. पावडर म्हणजे मक्याचा स्टार्च, तो एरवी निरुपद्रवी. पण लॅटेक्समधली, म्हणजे रबराच्या चिकातली प्रथिनं त्याला चिकटतात आणि ग्लोव्ह फटकन ओढून काढला की हवेत उडतात. म्हणून ग्लोव्ह न घातलेल्या सिस्टरलाही शिंका येतात, नाक खाजतं, वाहतं. तरी राबवत राहिलं तर पुढे दमा. अमेरिकेने १८ जानेवारी २०१७ पासून हे ग्लोव्हज बंद केलेत.

स्टोअर इनचार्ज, द्वारका
डॉक्टर, शिंक आली की लॅटेक्सच, असं कसं? पावसाळा सरताना गाजरगवत फुलतं, तेव्हा अर्ध्या नाशिकचं नाक वाहतं. एंडोस्कोपीच्या खोलीत दुर्बिणी निर्जंतुक करायच्या २ टक्के ग्लुटाराल्डिहाइडचा ट्रे उघडा पडलेला असतो, त्याचं काय? लॅटेक्सऐवजी नायट्राइल, म्हणजे कृत्रिम रबर, घ्यायचं तर ते महाग पडतं आणि बिलावर सही माझी असते. आधी तपासणी, मग खरेदी.

ओटी सिस्टर, पंचवटी
साहेब, ग्लुटाराल्डिहाइडने नाक झोंबतं, जळजळतं. ट्रेवर झाकण ठेवा, एक्झॉस्ट लावा. लॅटेक्सचं वेगळं. ग्लोव्ह चढवल्यावर काही मिनिटांत खाज, शिंकांवर शिंका, आणि वीकली ऑफला आराम. गाजरगवत काय ड्युटी बघून त्रास देतं?
सगळं नायट्राइल करा असंही मी म्हणत नाही. बारीक टाक्यांना सर्जनना लॅटेक्सच हवं असतं, मग पावडर-फ्री घ्या. ‘पावडरशिवाय हात जात नाही’ ही तक्रार बहुतेक ओल्या हातांची. हँडरब पूर्ण सुकू द्या, तरी अडलं तर अर्धा नंबर मोठा.

त्वचारोग, कॉलेज रोड
तपासणीबद्दल साहेबांशी सहमत, पण कुठली ते बघा. नाकाच्या तक्रारीला प्रिक टेस्ट (त्वचेवर लॅटेक्सचा थेंब ठेवून हलकं टोचायचं) किंवा रक्तातलं लॅटेक्स आयजीई (अॅलर्जीची प्रतिपिंडं). प्रिकआधी सेटिरिझिन ही अॅलर्जीची गोळी साधारण आठवडाभर बंद, आणि जोराची रिअॅक्शन आलीच तर अॅड्रेनालिन हाताशी हवंच. केळं किंवा किवी खाल्ल्यावर तोंड खाजतं का, हेही विचारा; लॅटेक्सची अॅलर्जी असलेल्यांना ही फळंही बाधू शकतात.
हाताला दीड-दोन दिवसांनी चट्टे येत असतील तर तो वेगळा आजार. त्यात दोष बहुधा थायुरामसारख्या अॅक्सिलरेटरचा, म्हणजे रबर पक्कं करायला घालतात त्या रसायनाचा, आणि तो नायट्राइलमध्येही असू शकतो. तिथे पॅच टेस्ट (पाठीवर रसायनांच्या पट्ट्या चिकटवून), ४८ आणि ९६ तासांनी वाचायची. न तपासता नायट्राइलचे खोके भरलेत तर हे चट्टे जाणारच नाहीत.

स्टोअर इनचार्ज, द्वारका
म्हणजे माझंच खरं. नायट्राइल फक्त रिपोर्ट पॉझिटिव्ह असलेल्यांना.

ईएनटी, शरणपूर रोड
नायट्राइलपुरतं मान्य. पावडर काढायला मात्र कुणाचा रिपोर्ट लागत नाही. बाधित सिस्टरने नायट्राइल घालायचं आणि शेजारच्यांनी पावडर उडवायची, याला अर्थ नाही. खोक्यावरच्या ‘हायपोअॅलर्जेनिक’, म्हणजे अॅलर्जीची शक्यता कमी, या शब्दावरही जाऊ नका, आत लॅटेक्स असू शकतं. आणि कॅज्युअल्टीत नायट्राइलचा एक डबा कायम ठेवा. लॅटेक्सची अॅलर्जी असलेला पेशंट रिपोर्ट घेऊन येत नसतो.