मदत हवी आहे: सर्टबॉटचं क्रॉन लावलेलं आहे, तरी सर्टिफिकेट एक्सपायर झालं. ऐन आंब्याच्या सीझनमध्ये साइट बंद!

कातळसडा
तातडीने मदत हवी आहे. सकाळपासून साइट उघडली की लाल त्रिकोण आणि 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' येतंय. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचं सर्टिफिकेट आहे (ब्राउझरला साइट खरी असल्याची खात्री देणारं), सर्टबॉट या प्रोग्रॅमने ते रिन्यू करायचं क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड, लावलेलं आहे, रोज रात्री दोनला चालतं. तरी तारीख उलटली. सर्व्हर रीस्टार्ट करून पाहिला, काही फरक नाही. हाताने रिन्यू केलं तर फेल म्हणतंय.
देवगडजवळ आमची बाग आहे, ऑर्डर सगळ्या साइटवरूनच येतात. गिऱ्हाईकं व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवून 'साइट हॅक झाली का' विचारतायत. पेट्या भरून पडल्या आहेत. संध्याकाळच्या आत सुरू व्हायलाच हवी. काय करू?

टर्मिनलवाला
फेल म्हणतंय म्हणजे नेमकं काय म्हणतंय? पूर्ण एरर टाका. शिवाय: ओएस कुठली, वेबसर्व्हर एनजिनेक्स की अपाची, सर्टबॉट ॲप्टने टाकलंय की स्नॅपने (लिनक्सवर प्रोग्रॅम टाकायचे दोन मार्ग), आणि पहिलं सर्टिफिकेट घेताना कुठली कमांड दिली होती. एवढं कळल्याशिवाय सगळे हवेत बाण मारतील.

गाडीतळ
मला माहीत आहे काय झालंय. क्रॉनचा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे त्याची यादी. क्रॉन चालतं तेव्हा त्याला तुमच्या लॉगिनचा पाथ मिळत नाही. सर्टबॉट स्नॅपचं असेल तर ते स्नॅपच्या बिन फोल्डरमध्ये असतं आणि क्रॉनला सापडतच नाही. पूर्ण पाथ लिहा, काम झालं. आमच्या ऑफिसात अगदी हेच झालं होतं.

टर्मिनलवाला
@गाडीतळ, कातळसडा ताई हाताने चालवूनही फेल म्हणतायत. मग पाथचा प्रश्न कसा?

गाडीतळ
दोन्ही असू शकतं.

सदाशिव_३०
ताई, हे फुकटचं सोडा आणि वर्षाचं सर्टिफिकेट विकत घ्या. हजार-दोन हजारांत मिळतं. एकदा टाकलं की वर्षभर बघायला नको. धंद्याच्या साइटला फुकटचं वापरूच नये, गिऱ्हाइकाचा विश्वास असतो.

नितळ
@सदाशिव_३०, हा सल्ला आता कालबाह्य आहे. ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणारे यांच्या सीए-ब्राउझर फोरमने एप्रिल २०२५ मध्ये ठराव केला. आधी ३९८ दिवसांपर्यंतचं सर्टिफिकेट चालायचं; १५ मार्च २०२६ पासून कमाल २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. पैसे भरा नाहीतर फुकट घ्या, वर्षभराचं एकच सर्टिफिकेट मिळणारच नाही. लेट्स एन्क्रिप्टनेही त्यांचे ९० दिवस २०२८ पर्यंत ४५ वर आणायचं जाहीर केलंय. ऑटोमेशन नीट बसवणं हाच मार्ग आहे. आणि एन्क्रिप्शन दोन्हीकडे सारखंच असतं. ब्राउझरमध्ये कुलूप तेच दिसतं.

कातळसडा
उबुंटू २२.०४, एनजिनेक्स, सर्टबॉट ॲप्टचं. व्हीपीएस (भाड्याचा व्हर्च्युअल सर्व्हर) आहे, मुंबई डेटासेंटर. पहिलं सर्टिफिकेट मी घेतलं नव्हतं, साइट करून देणाऱ्या मुलाने सगळं लावून दिलं होतं. वर्षभर तर आपोआप होत होतं.
आणखी एक, ब्राउझरमध्ये 'तरीही पुढे जा' हा पर्यायसुद्धा येत नाहीये. पूर्वी यायचा ना?

जुना_ॲडमिन
पर्याय येत नाही म्हणजे तुमच्या साइटवर एचएसटीएस चालू आहे. ज्या ब्राउझरने ती साइट एकदा नीट उघडलीय, त्याच्या लक्षात राहतं की इथे एचटीटीपीएसशिवाय जायचं नाही. त्यामुळे 'तोवर साधी एचटीटीपी लिंक पाठवा' असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांकडे ती उघडणारच नाही. आजचा दिवस ऑर्डर व्हॉट्सॲपवर घ्या आणि तसं स्टेटस टाका.

क्रॉनची ओळ जशीच्या तशी इथे द्या. आणि 'सुडो सर्टबॉट रिन्यू --ड्राय-रन' याचं आउटपुट. ड्राय-रनच वापरा, ती नुसती चाचणी असते, खरं रिन्यू पुन्हा पुन्हा मारू नका. एका नावासाठी तासाला ५ पडताळण्या फसल्या की लेट्स एन्क्रिप्ट पुढच्या विनंत्या अडवतं, मग उपाय सापडला तरी थांबून राहावं लागेल.

झटपट
एनजिनेक्स काढा आणि कॅडी टाका. दोन ओळींची फाइल, सर्टिफिकेट स्वतः घेतं, स्वतः रिन्यू करतं, क्रॉन नाही, सर्टबॉट नाही. मी माझ्या सगळ्या साइट तिकडे नेल्या.

टर्मिनलवाला
कॅडी उत्तम आहे, पण चालू सीझनमध्ये, साइट बंद असताना वेबसर्व्हर बदलायचा? पीएचपीचं सेटिंग, रिडायरेक्ट, पेमेंटचा कॉलबॅक, सगळं परत तपासावं लागेल. जूनमध्ये आंबा संपल्यावर करा म्हणावं.

झटपट
माझं पंधरा मिनिटांत झालं होतं. मुद्दा एवढाच की ही कटकट कायमची जाते.

कातळसडा
क्रॉनच्या ओळीत दोनची वेळ आहे, मग सर्टबॉट रिन्यू, आणि शेवटी बाणाने आउटपुट डेव्ह-नलमध्ये पाठवलंय, एररसकट.

ड्राय-रनला हे आलं: 'द मॅन्युअल प्लगइन इज नॉट वर्किंग', आणि पुढे 'ॲन ऑथेंटिकेशन स्क्रिप्ट मस्ट बी प्रोव्हायडेड विथ --मॅन्युअल-ऑथ-हुक व्हेन युझिंग द मॅन्युअल प्लगइन नॉन-इंटरॅक्टिव्हली'. म्हणजे काय?

टर्मिनलवाला
सापडलं. ईटीसी-लेट्सएन्क्रिप्टमध्ये रिन्यूअल नावाचं फोल्डर आहे, त्यात तुमच्या डोमेनच्या नावाची कॉन्फ फाइल. ती उघडा. तिथे 'ऑथेंटिकेटर = मॅन्युअल' आणि 'प्रेफ_चॅल्स = डीएनएस-०१' असं दिसेल.

अर्थ असा: सर्टिफिकेट घेताना डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदी ठेवणारी व्यवस्था) 'अंडरस्कोर ॲक्मे-चॅलेंज' नावाची टीएक्सटी नोंद हाताने टाकून डोमेन तुमचं असल्याचं सिद्ध केलं होतं. ती नोंद दर वेळी नवी लागते. रात्री दोन वाजता ती टाकायला कोणी बसलेलं नाही, म्हणून क्रॉन रोज फसत होतं आणि एरर डेव्ह-नलमध्ये गडप होत होती. हे वर्षभर आपोआप झालेलं असणं शक्य नाही.

नितळ
यात भर म्हणजे लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मुदत संपण्याआधी ईमेल पाठवायचं, ते ४ जून २०२५ पासून बंद केलंय. त्यामुळे कुठूनच इशारा आला नसणार.

कातळसडा
फाइलमध्ये अगदी तसंच लिहिलंय! त्या मुलाला आत्ता फोन लावला. तो दर तीन महिन्यांनी स्वतः डोमेनच्या पॅनेलमध्ये जाऊन नोंद टाकत होता. आता जर्मनीत नोकरीला आहे. वाइल्डकार्ड, म्हणजे सगळ्या सबडोमेनना (मूळ नावाआधी लागणाऱ्या उपनावांना) चालणारं, सर्टिफिकेट घेतलंय म्हणाला, म्हणून डीएनएस लागतं.

जुना_ॲडमिन
वाइल्डकार्डला डीएनएसच लागतं, हे बरोबर. पण तुम्हाला वाइल्डकार्ड हवंय कशाला? किती सबडोमेन आहेत?

कातळसडा
एकही नाही. मूळ नाव आणि त्याच्यापुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू, बस.

टर्मिनलवाला
मग सोपं आहे. 'पायथन३-सर्टबॉट-एनजिनेक्स' हे पॅकेज टाका. मग 'सुडो सर्टबॉट --एनजिनेक्स', पुढे '-डी' देऊन मूळ नाव आणि परत '-डी' देऊन डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवालं नाव. यात पडताळणी पोर्ट ८० वरून (साध्या एचटीटीपीचं दार) होते, डीएनएसला हात लावायचा नाही.

गाडीतळ
आणि डिप्लॉय-हुक (नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप चालणारी कमांड) विसरू नका! सर्टिफिकेट नवं आलं तरी एनजिनेक्स रीलोड होईपर्यंत मेमरीतलं जुनंच दाखवत राहतो. यात भलेभले फसतात.

टर्मिनलवाला
मुद्दा बरोबर, पण एनजिनेक्स प्लगइन स्वतःच रीलोड करतं. हुक लागतो तो 'सर्टओन्ली' (सर्टिफिकेट नुसतं आणायचं, बसवायचं नाही) आणि वेबरूटने (साइटच्या फोल्डरमध्ये फाइल ठेवून पडताळणी) घेतलं तर.

हापूसप्रेमी
विषयांतराबद्दल माफी, पण ताई पेटी काय भावाने आहे? ठाण्यात पोचते का? आणि खरा देवगड कसा ओळखायचा? इथे रस्त्यावर सगळेच देवगड म्हणून विकतात.

पावसकर
@हापूसप्रेमी, हापूसला २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालंय. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतलाच आंबा हापूस नावाने विकता येतो. विकणाऱ्याकडे जीआयची नोंदणी आहे का ते विचारा. बाकी देवगड मोठा की रत्नागिरी यावर इथे भांडायला मी तयार आहे, पण आधी ताईंची साइट चालू होऊ दे.

कातळसडा
दादा, चालवलं. आता हे येतंय: 'टाइमआउट ड्यूरिंग कनेक्ट, लाइकली फायरवॉल प्रॉब्लेम'. पण पोर्ट ८० उघडंच आहे! मोबाइलवर वायफाय बंद करून एचटीटीपीने उघडलं तर एचटीटीपीएसवर रिडायरेक्ट होतंय. म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचतंय ना?

झटपट
डीएनएसमध्ये एएएए नोंद आहे का बघा. आयपीव्ही६ चा पत्ता असेल तर लेट्स एन्क्रिप्ट आधी तिकडे जातं. तो पत्ता जुन्या सर्व्हरचा राहिला असेल तर घोळ होतो.

कातळसडा
एएएए नाहीच. फक्त ए नोंद, आयपी बरोबर आहे.

नितळ
तुमच्याकडून उघडतं आणि त्यांच्याकडून टाइमआउट. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये देशानुसार अडवणूक लावली आहे का?

कातळसडा
हो, आहे. गेल्या वर्षी ऑर्डरच्या फॉर्ममध्ये परदेशातून खोट्या ऑर्डरींचा पाऊस पडत होता, म्हणून भारताबाहेरचे सगळे आयपी बंद केलेत. त्याचा याच्याशी संबंध आहे?

नितळ
थेट. लेट्स एन्क्रिप्ट तुमचं डोमेन एका जागेवरून तपासत नाही. २०२० पासून जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच वेळी तपासतात, म्हणजे वाटेत एखाद्याने नेटवर्क वळवून खोटी पडताळणी करून घेऊ नये. भारताबाहेरचं दार बंद असेल तर ते आत येऊच शकत नाहीत. तो मुलगा डीएनएसच्या वाटेला का गेला असेल, तेही बहुधा हेच.

गाडीतळ
मग त्यांचे आयपी तेवढे यादीत टाका, बाकी बंद राहू द्या.

नितळ
ते आयपींची यादी जाहीर करत नाहीत, आणि न सांगता बदलतात. आज चाललं तरी पुढच्या रिन्यूअलला परत हाच धागा काढावा लागेल. पोर्ट ८० सगळ्या जगाला उघडा, ४४३ वर (एचटीटीपीएसचं दार) भारताची अट तशीच ठेवा. फॉर्म ४४३ वरच आहे, त्यामुळे खोट्या ऑर्डरी वाढणार नाहीत.

जुना_ॲडमिन
थांबा, ८० वरून ४४३ ला रिडायरेक्ट आहे ना? लेट्स एन्क्रिप्ट रिडायरेक्टच्या मागे जातं. मग ४४३ वर अडकेलच की.

टर्मिनलवाला
वेबरूट असतं तर अडकलं असतं. एनजिनेक्स प्लगइन पडताळणीपुरतं पोर्ट ८० च्या सर्व्हर ब्लॉकमध्ये, रिडायरेक्टच्या आधी, स्वतःचं लोकेशन घुसवतं आणि काम झालं की काढून घेतं. त्यामुळे इथे अडचण नाही. एकदा --ड्राय-रन लावून बघा, मगच खरं. मात्र ड्राय-रनसाठी 'सर्टओन्ली' द्यावं लागेल, नुसत्या '--एनजिनेक्स'ला ते चालत नाही.

शून्य_ताप
मी क्लाउडफ्लेअर सुचवेन, ही सेवा गिऱ्हाईक आणि सर्व्हर यांच्या मध्ये उभी राहते. डीएनएस तिकडे न्या, पुढचं सर्टिफिकेट ते बघतात, खोट्या ऑर्डरींचे बॉट पण तेच अडवतील.

जुना_ॲडमिन
चालेल, पण 'फ्लेक्झिबल' मोड ठेवला तर गिऱ्हाईक ते क्लाउडफ्लेअर एवढंच एन्क्रिप्टेड, तिथून सर्व्हरपर्यंत सगळं उघडं. पत्ते, फोन नंबर जातात त्यावरून. ठेवायचा तर 'फुल स्ट्रिक्ट', आणि त्याला सर्व्हरवर वैध सर्टिफिकेट लागतंच. म्हणजे आजचं काम टळत नाही.

शून्य_ताप
त्यांचं स्वतःचं ओरिजिन सर्टिफिकेट १५ वर्षांपर्यंतचं मिळतं, ते टाकता येतं.

जुना_ॲडमिन
ते फक्त क्लाउडफ्लेअरला मान्य, ब्राउझरला नाही. उद्या प्रॉक्सी बंद केली की परत लाल त्रिकोण.

कातळसडा
झालं!!! पोर्ट ८० उघडलं, ड्राय-रन पास, मग खरं घेतलं. कुलूप आलं, बहिणीच्या मोबाइलवर पण उघडतंय. पहिली ऑर्डर आत्ताच पडली, डोंबिवलीची, तीन पेट्या. टर्मिनलवाला दादा, नितळ, सगळ्यांचे मनापासून आभार. हापूसप्रेमी, तुम्हाला भाव निरोपात पाठवते, आंबा ठाण्यात पोचतो.
पण 'सर्टबॉट सर्टिफिकेट्स' मारलं तर दोन दिसतायत. एक जुनं, त्यापुढे 'इनव्हॅलिड, एक्सपायर्ड', आणि एक नवं, त्याच नावापुढे -०००१ लागलेलं. जुनं राहू दे का?

टर्मिनलवाला
नको. ते मॅन्युअलवालं आहे, राहिलं तर दर वेळी रिन्यू फसल्याची एरर देत राहील आणि त्या गोंगाटात खरी एरर कधीतरी हुकेल. आधी 'सुडो एनजिनेक्स -टी' मोठ्या टीने चालवा आणि 'एसएसएल_सर्टिफिकेट' च्या ओळींमध्ये जुन्या फोल्डरचा पाथ कुठे शिल्लक नाही ना बघा. सगळीकडे -०००१ दिसलं की 'सुडो सर्टबॉट डिलीट --सर्ट-नेम' आणि जुनं नाव. नाव नीट बघून, -०००१ नसलेलं.

मग ते क्रॉन काढून टाका. ॲप्टच्या सर्टबॉटसोबत सिस्टमडीचा (लिनक्समधल्या सेवा सांभाळणारा भाग) टाइमर येतोच, दिवसातून दोनदा चालतो. 'सिस्टमसीटीएल लिस्ट-टाइमर्स' मध्ये सर्टबॉट दिसतं का ते तपासा.

नितळ
आणि बाहेरून तारीख बघणारी एखादी मोफत मॉनिटरिंग सेवा लावा, मुदत २० दिवसांवर आली की ईमेल करेल अशी. सर्टबॉट ३० दिवस आधीच रिन्यू करतं, त्यामुळे तो ईमेल आला तर काहीतरी बिघडलंय असं धरायचं. सर्व्हरच्या आतल्या लॉगवर अवलंबून राहू नका. फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्ससारखी सेवा सर्टिफिकेटची मुदत संपल्यामुळे काही तास बंद होती, तिथे माणसं काय कमी आहेत?

सदाशिव_३०
म्हणजे आता पैसे भरूनही वर्षाचं मिळत नाही? माझं सप्टेंबरमध्ये संपतंय. आमच्याकडे विंडोज सर्व्हर आहे, त्याला सर्टबॉट चालतं का?

टर्मिनलवाला
विंडोजला 'विन-ॲक्मे' बघा, आयआयएसला (विंडोजचा वेबसर्व्हर) स्वतः जोडून घेतं आणि टास्क शेड्युलरमध्ये नोंद पण करतं. सप्टेंबरची वाट बघू नका, आत्ताच बसवा.

कातळसडा
जुनं डिलीट केलं, आता एकच दिसतंय, ८९ दिवस शिल्लक. क्रॉन काढलं. टाइमरच्या यादीत सर्टबॉट आहे, पुढची वेळ रात्री ११ नंतरची दाखवतोय. मॉनिटरिंगला माझा आणि बहिणीचा, दोघींचे ईमेल दिलेत.