मदत हवी आहे: मिरची घातलेली काळी बिअर चाखायची कशी?

मंडळी, नाशिकला राहून वाइनबद्दल चार गोष्टी आपोआप कळतात, पण बिअरच्या बाबतीत मी ढ आहे. मेहुण्याने परदेशातून इम्पीरियल स्टाउटच्या (म्हणजे दाट, कडक काळ्या बिअरच्या) दोन बाटल्या आणल्या. एक कॉफीची, दुसरीत कोको, व्हॅनिला, दालचिनी आणि चक्क सुकी मिरची! दोन्हींत १२ टक्के अल्कोहोल, म्हणजे वाइनच्या पंगतीला बसणाऱ्या.

कॉफीची घाईत वाया घालवली. फ्रीजमधून काढून थेट ग्लासात ओतली, तर नुसतं जळकं कडू पाणी लागलं. गप्पा मारत बसलो, अर्ध्या तासाने तळाचे दोन घोट घेतले आणि गूळ, मनुका, भाजलेलं धान्य सगळं एकदम पुढे आलं. नंतर कळलं, ही बिअर १२-१४ अंशांच्या आसपास प्यायची. फार थंड असली की वास दबतो.

आता मिरचीवाली तशी घालवायची नाही. आपल्याकडच्या एप्रिलच्या उकाड्यात फ्रीजबाहेर किती वेळ ठेवू? घरात रेड वाइनचे मोठे ग्लास आहेत, ते चालतील ना? की वर्षभर ठेवून द्यावी? कॉफीचा वास मुरवताना उतरतो म्हणतात, मिरचीचा तिखटपणाही उतरतो का? सोबत डार्क चॉकलेट आणणार आहे. आपला तिखट चिवडा नको असं बायको म्हणते, मला तिचं पटत नाहीये.

आणि मेहुण्याला लेखी अभिप्राय हवाय! कोको आणि काळ्या माल्टचा (मोड आणून खूप भाजलेल्या बार्लीचा) कडवटपणा वेगळा ओळखायचा कसा? कोणी केलंय का असं?